एकाचं विचलन

"चष्मिस येणार नाही, सर," ती म्हणाली. "त्याने साधं गणित घेतलं."

सर बाकावर बसले होते. त्यांची पद्धतच तशी, पोरं फळ्यापाशी आणि सर बाकावर. संख्याशास्त्राच्या या वरच्या वर्गाला वर्षाच्या सुरुवातीला बाक पुरत नव्हते. फुकटात मार्क मिळतात अशी कुणीतरी आवई उठवली होती. पहिल्या चाचणीनंतर अर्धे गळाले, दुसरीनंतर उरलेसुरले. राहिले दोघं, ती आणि चष्मिस. आता चष्मिसनेही काढता पाय घेतला. त्याचं तरी काय चुकलं म्हणा, त्याचं सगळं टोळकं तिकडेच होतं.

हेडबाईंनी आधीच बजावलं होतं. एका पोरीसाठी खोली, दिवे आणि मास्तर अडकवून ठेवायला शाळा म्हणजे धर्मशाळा नव्हे. दोनाच्या खाली आले की वर्ग बंद. आज शिपाई डोकी मोजायला येणार होता. वर्ग बंद झाला की उद्यापासून तीही साध्या गणिताला जाणार, आणि तिथे तिला सगळे 'नमुना' म्हणायचे. ती दारात दिसली रे दिसली की मागच्या बाकावरून आवाज, 'आला बघ नमुना.' इथेही तो शब्द रोज तोंडात असायचा, पण इथे नमुना म्हणजे शंभरांतून नीट निवडलेले दहा, ज्यांच्यावरून बाकीचे कळतात. इथे नमुन्याला किंमत होती. तिला इथेच राहायचं होतं.

"कालचा आकडा आणलास?" सरांनी विचारलं.

काल त्यांनी दोघांना मिळून एकच प्रश्न दिला होता. शाळेतून घरी गेल्यापासून सकाळी परत येईपर्यंत किती माणसांशी बोललात? तिने खडू उचलला आणि फळ्यावर चार लिहिलं.

"चार कोण कोण?"

"असेच. चार जण."

सरांनी खोदून विचारलं नाही. "काढ मग विचलन."

विचलन म्हणजे कोण सरासरीपासून किती लांब आहे त्याचा हिशेब. तिने मांडणी केली. सरासरी चार. चारातून चार गेले, वर शून्य. मग भागायचं, जितके आकडे असतील त्यातून एक कमी करून. आकडा एकच होता. एकातून एक गेला. तिचा हात थांबला.

"खाली पण शून्य येतंय, सर. शून्याने भागता येत नाही."

"मग?"

"मग निघतच नाही."

"नाहीच निघत एकाचं," सर म्हणाले. "लांब असायलासुद्धा दुसरं कुणीतरी लागतं."

तिला रडू यायला लागलं आणि रडू येतंय याचा रागही आला. लोक खुशाल म्हणतात, एकटा जीव सदाशिव. घरात चार माणसं असली की असलं म्हणायला काय जातं.

तेवढ्यात दार ढकलून शिपाई आत आला. कान आणि खांदा यांच्यामध्ये फोन दाबून धरलेला, हातात चिटोरा. "ऑफिसातून आलोय. किती जण खोलीत, सर?"

ती फळ्याकडे तोंड करून उभी राहिली. सर काय सांगणार ते तिला माहीत होतं. आकड्याशी खोटं बोलायचं नाही, हे वाक्य त्यांनी इतक्यांदा म्हटलं होतं की चष्मिस त्याची हुबेहूब नक्कल करायचा.

"एक फळ्यापाशी, एक बाकावर," सर म्हणाले.

"म्हणजे दोन." शिपायाने लिहून घेतलं आणि फोनवर बोलत बोलत तो निघून गेला.

दार बंद झालं तरी तिला वळून बघायचा धीर होईना. मग हळूच म्हणाली, "सर, हे खोटं नाही का?"

"त्याने विचारलं, खोलीत किती. विद्यार्थी किती असं विचारलं असतं, तर एक म्हणालो असतो. प्रश्न धड विचारला नाही की उत्तर असं येतं. पुढच्या धड्यात आहे ते."

"आणि त्यांनी नीट विचारलं तर?"

"तर बंद होईल. आज नाही विचारलं."

मग डस्टर घेऊन तिने फळ्यावरचा चार पुसून टाकला.

"का गं पुसलंस?"

"मनाने लिहिलं होतं. चारचौघांसारखं दिसावं म्हणून." "घरी कुणी नव्हतं, सर. आईची रात्रपाळी चालू आहे. मी पोचते तोवर ती गेलेली असते, ती येते तेव्हा मी निघालेली असते."

चारच्या जागी तिने शून्य लिहिलं. बाकावर कुणीतरी कधी काळी करकटकाने नक्षी कोरली होती, तिच्यावरून सरांचं बोट फिरत राहिलं.

"आता दुसरा आकडा लिही," ते म्हणाले. "दोघं आहोत ना. आत्ताच मोजून गेला तो."

"चष्मिसने दिलाच नाही, सर."

"त्याचा नाही. माझा."

ती खडू धरून थांबली. "किती लिहू?"

"शून्यच लिही."

तिने पहिल्या शून्याखाली दुसरं काढलं. सरासरी शून्य. वर शून्य. खाली दोनातून एक गेला, एक उरला. आता भागता आलं.

"विचलन शून्य आलं, सर."

"म्हणजे काय?"

तिने दोन्ही शून्यांवर खडू टेकवून पाहिला.

"म्हणजे दोघं एकाच जागी आहेत, सर."