वस्तादांचा कान

"चालू राहू दे, बंद करू नका!" असं बजावून वस्तादांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. व्हॅन घरघरत होती. तिचा मालक, गावोगाव फिरणारा ऑर्केस्ट्रावाला, श्वास रोखून बघत होता. नुसत्या आवाजावरून गाडीचं दुखणं ओळखणारे म्हणून वस्तादांचं नाव होतं, आणि ते काही उगीच नव्हतं.

म्हणजे तीन वर्षांपूर्वीपर्यंत नव्हतं. चाळीस वर्षं इंजिनांना कान लावून लावून त्या कानांनी केव्हाच राम म्हटला होता. आता व्हॅनची घरघर काय आणि समोरची भिंत काय, वस्तादांना सारखीच. हे जगात दोघांनाच ठाऊक. एक खुद्द वस्ताद, आणि दुसरी कोपऱ्यात जुन्या टायरांच्या चळतीवर गिटार घेऊन बसलेली त्यांची सतरा वर्षांची लेक.

वस्तादांनी एक डोळा किलकिला केला. लेकीचं बोट गिटारच्या दांडीवर अगदी खाली, पोटाजवळ टेकलेलं होतं. वर शेंड्याला बोट म्हणजे पट्टा. मध्यावर म्हणजे व्हॉल्व्ह. पोटाजवळ म्हणजे बेअरिंग. गिऱ्हाइकांना वाटायचं, पोरगी आपली सराव करतेय.

"बेअरिंग गेलंय," वस्ताद म्हणाले.

"मानलं बुवा तुमच्या कानाला!"

पोरीचं काम झालं. वस्ताद पाना शोधायला वळले तशी तिने तारा छेडल्या. पंधरा दिवस तिच्या डोक्यात घोळत असलेली स्वतःची चाल होती ती. ऑर्केस्ट्रावाला गर्रकन वळला.

"हे कुणाचं?"

"माझंच."

"थांबू नकोस. वाजव, वाजव."

आणि तिने वाजवलं. काय वाजवलं म्हणून सांगू! रोज समोर बसून मान डोलावणारा बाप होता तिला, पण ऐकणारा माणूस आज पहिल्यांदा भेटला होता. बोटं शेंड्यापासून पोटापर्यंत सुसाट धावत होती. तिला गॅरेजचा विसर पडला.

वस्तादांनी सवयीनं तिकडे नजर टाकली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"अरे देवा, पट्टापण गेलाय! आणि व्हॉल्व्हसुद्धा! अहो, अख्खं इंजिनच उतरवावं लागतंय की तुमचं!"

"आँ? आत्ता तर नुसतं बेअरिंग म्हणालात!"

वस्तादांनी मोठा पाना उचललासुद्धा होता. पोरीचा हात जागीच थिजला. तिने मुकाट्यानं बोट खाली आणलं, पोटाजवळ दाबून धरलं आणि तोच एक सूर वाजवत राहिली. टुंग. टुंग. टुंग.

"हां, हां... बेअरिंगच," वस्ताद घाम पुसत हसले. "खात्री केलेली बरी असते."

ऑर्केस्ट्रावाल्याने विषय सोडून दिला. त्याच्या कानात अजून ती चालच होती. तो टायरांपाशी आला. "आमचा गिटारवाला मागच्याच गावी सोडून गेला. सहा महिन्यांचा दौरा आहे. माझी बायको गाते, तिच्यासोबत राहशील. दौरा संपला की रेकॉर्डिंगचं मी बघतो. येतेस? गाडी झाली की लगेच निघायचंय."

"हो," ती म्हणाली. इतकी पटकन की तिचं तिलाच नवल वाटलं.

"मग तुझ्या बाबांना विचारतो."

"थांबा, मी विचारते..." ती गडबडीनं खाली उतरली, पण तो पोहोचलासुद्धा.

गिऱ्हाईक तीनच गोष्टी विचारतं. काय झालंय, वेळ किती लागेल आणि तशीच नेली तर चालेल का. तिन्हींची उत्तरं वस्तादांच्या जिभेवर तयार असत. समोरच्याचे ओठ जरा हलले की पुरे.

"वस्ताद, हिला घेऊन जाऊ का आमच्याबरोबर?"

वस्तादांनी फडक्याला हात पुसले. "हिला? छे, छे! हिला अशी रस्त्यावर सोडणार नाही मी. उद्या काही बरंवाईट झालं, तर लोक मलाच नावं ठेवतील."

"अहो, नीट सांभाळीन मी!"

"सगळे असंच म्हणतात," वस्ताद हसले आणि बॉनेटखाली वाकले.

पोरगी दोन पावलांवर उभी होती. बाबा गाडीचं बोलतायत, एवढं एक वाक्य पुरलं असतं. पण मग हा माणूस विचारणारच, म्हणजे काय? आणि एकदा ते सांगितलं, की तो दर गावात ते सांगत फिरणार. आठवडाभरात गॅरेजसमोर कुत्रंसुद्धा थांबणार नाही. बरं, नाही सांगितलं आणि नुसतीच गेली, तरी उद्या सकाळी त्या टायरांवर कोण बसणार होतं? हो म्हणताना हे तिच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. आता आलं.

ऑर्केस्ट्रावाला हळहळत तिच्यापाशी परतला. "साफ नाही म्हणाले गं. तू तरी एकदा बोलून बघ. इंजिनाच्या आवाजात कदाचित त्यांना माझं नीट ऐकू आलं नसेल."

वस्तादांनी बॉनेटखालून मान वर करून लेकीकडे पाहिलं. कशाबद्दल कोण जाणे, पण ते कौतुकानं हसले.

"नाही हो," ती म्हणाली. "बाबांना सगळं नीट ऐकू येतं."