काटा हिरव्यात आहे

पारोळ्याच्या पुढे अभिमनच्या गाडीचं इंजिन जाम झालं. पण तसं काही झालेलंच नाही, असं गाडीतल्या तिघांनी एकमताने ठरवलंय, तेव्हा आपणही तसंच धरून चालू.

तर गाडी धावत होती. मे महिना होता. अभिमनच्या शेजारी त्याची धाकटी बहीण रूपा नेमणुकीचा आदेश मांडीवर धरून बसली होती. आज पाचच्या आत धुळ्याच्या कार्यालयात रुजू झाली नाही, तर कनिष्ठ लिपिकाची नोकरी आपोआप रद्द होणार होती. आदेशाची शेवटची ओळ तीच होती, आणि रूपा ती जळगाव सुटल्यापासून वाचत होती.

एस.टी.ने निघाली असती तर ती दुपारीच पोचली असती. पण दारात गाडी असताना पोरीने सरकारी नोकरीवर एस.टी.ने जायचं, हे त्यांच्या आईला, सुंदरबाईंना, पटलं नव्हतं. अख्ख्या असोदा गावाला सांगून त्या मागच्या सीटवर बसल्या होत्या.

सकाळीच रतिलाल मिस्त्रीने गाडीत नवं मीटर बसवलं होतं, इंजिनमधलं तेल किती तापलंय ते दाखवणारं. "इंजिन आत्ताच बोर केलंय, आतून नवं घासलंय," तो म्हणाला होता. "काटा हिरव्यात आहे तोवर बिनधास्त जा. लाल पट्ट्यात गेला की जिथं असशील तिथं थांब. नाहीतर पिस्टन धरेल, इंजिन जाम होईल."

मग सुंदरबाईंनी रीतीप्रमाणे नव्या वस्तूची पूजा केली. मीटर पेढ्याएवढं होतं. ओल्या कुंकवाचं स्वस्तिक तळहाताएवढं झालं. वरून अक्षता. उन्हाने ते सगळं काचेवर पक्कं वाळलं.

"माय, काटा दिसत नाही," अभिमन म्हणाला.

"त्याले आपण दिसतो ना. झालं तर मंग."

"जरासं पुसू?"

"पूस की. गाडीचा मालक तूच आहे. कुंकू पुसल्यावर मालकाचं काय होते, ते गावात कोणालेबी इचार."

अभिमनचा पुढे गेलेला हात गुपचूप स्टेअरिंगवर परत आला.

पाळधीला ते अंदाजाने थांबले. एरंडोलला भीतीने थांबले. त्यापुढे एका निंबाखाली थांबले, कारण अभिमनला स्वतःलाच ताप आल्यासारखं वाटलं. दर वेळी बॉनेट उघडलं जाई आणि सुंदरबाई इंजिनाला पदराने वारा घालत. इंजिन काही बोलत नसे. रूपा घड्याळाकडे बघत नसे. न बघताही तिला किती वाजले ते कळत होतं.

पारोळ्यात अभिमनने पुन्हा गाडी बाजूला घेतली, तेव्हा रूपाने मोबाईलची बॅटरी लावली आणि मीटरला नाक टेकवून स्वस्तिकाच्या फटीतून आत पाहिलं.

"दादा, दिसला."

"काय?"

"काटा. पांढरं टोक दिसतंय. हिरव्यात आहे."

"नक्की?"

"एकदम मधोमध."

अभिमनने गाडी भरधाव सोडली. पारोळा मागे पडलं. रूपा डोळे न हलवता फटीतून बघत राहिली. वेग वाढला, काटा हिरव्यात. चढ आला, काटा हिरव्यात. समोरून तव्यासारखं ऊन आलं, तरी काटा जागचा हलला नाही.

"रतिलालच्या हाताले यश आहे," सुंदरबाई म्हणाल्या.

"इतकं थंड इंजिन मी आयुष्यात पाह्यलं नाही," अभिमन म्हणाला, आणि तेव्हाच बॉनेटखालून किंचाळल्यासारखा आवाज आला. गाडीने एक आचका दिला आणि ती रस्त्याच्या कडेपर्यंत कशीबशी घरंगळत गेली.

अभिमनने किल्ली फिरवली. मग किल्ली काढून पुसली आणि पुन्हा फिरवली.

"काऊन थांबला रे?" सुंदरबाईंनी विचारलं.

"आराम करू राह्यली."

"करू दे मंग."

मागून एस.टी. आली. रूपा दार उघडून हात करेपर्यंत ती भोंगा वाजवून पुढे गेली. तिच्यात बसायला जागा होती. साडेचार वाजले होते आणि धुळ्याच्या पाटीवरचा आकडा अजून तिशीत होता.

रूपा परत सीटवर येऊन बसली. सुंदरबाई बराच वेळ तिच्या पाठीकडे बघत राहिल्या. मग मालकाचं जे व्हायचं ते होवो अशा चेहऱ्याने त्या दोन सीटांच्या मधून पुढे वाकल्या, पदराचं टोक ओलं केलं आणि मीटरची काच पुसायला लागल्या.

आधी काट्याचं पांढरं टोक निघालं आणि रूपाच्या मांडीवरच्या आदेशावर पडलं. तो तांदळाचा दाणा होता.

रूपाने तो बोटावर घेऊन पाहिला. इतका वेळ मधोमध हिरव्यात होता तो हाच.

सुंदरबाई काच पुसतच होत्या. अक्षता गेल्या, कुंकू गेलं, पदर लाल झाला. तरी उजव्या कोपऱ्यात थोडं लाल राहिलंच. त्यांनी जोर लावला. थुंकी लावली. नखाने खरवडलं.

"एवढं काही निंघत नाही बापा."

"माय," अभिमन हळूच म्हणाला, "तो पट्टा आतून आहे."

त्या पट्ट्याच्या पार टोकाला खरा काटा टेकून उभा होता. सुंदरबाईंनी हात काढला नाही. तेवढीच जागा त्या पदराने पुसत राहिल्या.

रूपाने तांदूळ डॅशबोर्डवर ठेवला. ओढणी सारखी केली, पाठ ताठ केली, आणि नोकरीसाठी महिनाभर घोकलेल्या आवाजात समोरच्या रिकाम्या रस्त्याला म्हणाली,

"मा. महोदय, अर्जदाराची गाडी थंड होईपर्यंत आजचे पाच वाजणे तहकूब ठेवण्यात यावे, ही नम्र विनंती."