शंभर मीटरच्या आत

साखर कारखान्याच्या निवडणुकीसाठी शाळेपुढे सकाळपासून रांग लागली होती. माजलगावहून येणारा टँकर आज आलाच नव्हता, त्यामुळे शाळेचा माठ कोरडा होता. मनकर्णाच्या काखेतलं तीन महिन्यांचं पोर रडून रडून आता नुसते हुंदके देत होतं. दोनदा आडोशाला जाऊन तिनं त्याला पदराखाली घेतलं, पण दूधच उतरत नव्हतं. घरी जावं, तर घरच्या घागरीतही थेंब नव्हता.

तेवढ्यात एका पॅनलचा माणूस थंड पाण्याचा जार घेऊन आला. पहिला पेला मनकर्णाच्या हाती पडतो न पडतो, तोच फौजदार धावले.

"शंभर मीटरच्या आत मतदाराला खायला-प्यायला वाटायचं न्हाई! उचल बे तो जार!"

"आवो सायेब, मत टाकायला आलोत का उपास धरायला?" मागून म्हातारी बायनाबाई करवादली. "लेकरू बगा की कसं झालंय!"

फौजदारांनी पोराकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"बरं, लेकराला पाजा. ते काय मतदार न्हाई. पण बाई, तुमी घोट घेऊ नका. पलीकडच्या पॅनलचे मोबाईल धरून उभे हायेत, लगेच तक्रार करतील."

मनकर्णानं भरल्या पेल्याकडे पाहिलं, मग पोराच्या सुकल्या ओठांकडे.



"सायेब, ह्याला आजून वरचं पाणी चालत न्हाई. ह्यो जे पितो, ते माज्यातूनच पितो."