वेंडलच्या बापाचा हात

वेंडलने खुर्ची फिरवून तोंड वॉशिंग मशीनकडे केलं, बापाचं उकुलेले, म्हणजे चार तारांचं गिटारसारखं छोटं वाद्य, छातीशी धरलं आणि जमलेल्या तमाम नातेवाइकांकडे पाठ करून वाजवायला सुरुवात केली.

हवाई बेटांवरच्या केआउकाहा वस्तीतल्या जुन्या वादकांची ही रीत. उजव्या हाताची बोटं कुणाला दिसू द्यायची नाहीत. दिसली की चोरीला गेलीच. वेंडलच्या बापाने ती पाळली, कारण त्याच्या काळी कुंपणाबाहेर माणसं माना उंचावून उभी राहत. वेंडलच्या मागे गॅरेजमध्ये वीसेक माणसं होती आणि ती लाउलाउच्या वाफवलेल्या पुड्यांची पानं उलगडून आतलं डुकराचं मांस खाण्यात गर्क होती.

"जरा हळू घे, वेंडल," मेहुणा क्लाइड म्हणाला. "मशीनला ताल पकडता येत नाहीये."

वेंडलने मान वळवली नाही. क्लाइड मेदेइरोसच्या मताला तो उत्तर देत नसे.

"आमच्या पणजोबांनी पोर्तुगालहून बोटीतून आणलं हे वाद्य," क्लाइड लेहुआला, म्हणजे वेंडलच्या बहिणीला आणि आपल्या बायकोला, ऐकू जाईल असं म्हणाला. "आणि आम्हालाच पाठ."

"आणलं तुम्ही," वेंडल मशीनला म्हणाला. "वाजवलं आम्ही."

वेंडलला जगातल्या बहुतेक उजव्या हातांची कीव येई. हॉटेलातले वादक वाद्याच्या भोकावर खरूज खाजवल्यासारखे ओरबाडतात. पर्यटक तर अंगठा कुठे ठेवायचा हे विचारायलाही फोन काढतात. बापाचा हात वाद्याची मान आणि पेटी जिथे जुळतात तिथे असे. वरच्या दोन तारा अंगठ्याच्या, खालच्या दोन तर्जनी आणि मधल्या बोटाच्या, मनगट मोकळं. करंगळीने लाकडाला शिवायचं नाही. तो हात बाप गेल्यावर आपल्याकडे आला, याबद्दल वेंडलला शंका नव्हती. फक्त हे आईच्या तोंडून यायचं राहिलं होतं.

आई पंख्याच्या वाऱ्यात चाकाच्या खुर्चीवर बसली होती. साखरेने तिचे डोळे नेले होते, कान ठेवले होते. तिच्या दर वाढदिवसाला वेंडल तिच्यासाठी बापाची चाल वाजवी आणि संपल्यावर मान थोडी तिरकी करून वाट बघे.

चाल संपली.

"छान," आई म्हणाली.

मघाशी मॅकरोनीच्या सॅलडलाही ती हेच म्हणाली होती.

"अंकल," लेहुआची मुलगी नोहेआ खुर्चीपाशी येऊन उभी राहिली. "एकदा समोरून दाखवा ना. अंगठ्याचं तेवढं कळत नाही."

"तुला काय करायचंय अंगठा घेऊन? तू करंगळी लाकडाला टेकवतेस."

"टेकवली की हात स्थिर राहतो."

"टेकू पडक्या भिंतीला लागतो. कुठे शिकलीस, फोनवर?"

"इथेच. तुमच्या पाठीमागे बसून." नोहेआ जरा घुटमळली. "आजोबांच्या कॅसेटमध्ये अंगठा बोटांच्या मागून येतो, किंचित उशिरा. तुमचा..."

"माझा काय?"

"काही नाही, अंकल."

वेंडल उठला. या पिढीला कॅसेट ऐकून अंगठा कळतो. त्याने उकुलेले तिच्या हातात दिलं, खुंटीला टोपी अडकवावी तसं.

"धर. वाजवू नको, नुसतं धर."

तो बर्फाच्या पेटीकडे गेला. त्याची बिअर नेहमीप्रमाणे तळाला होती, क्लाइडची वर. त्याने कोपरापर्यंत उजवा हात घातला आणि बर्फ चाळवू लागला.

मागे चाल सुरू झाली.

करंगळी टेकवलेली असणार, हे त्याने न बघता ओळखलं, आणि नाक मुरडलं. पोरीला नुसतं धरतासुद्धा येत नाही. मग अंगठा आला. उशिरा आला. बोटं घरात शिरल्यावर पायरीवर थांबून, चपला काढून, मग आत यावं तसा. वेंडलला वाटलं, चुकून लागलं असेल. पुढच्या ओळीला तो पुन्हा तसाच आला. त्याच्या पुढच्या ओळीलाही.

गॅरेजमध्ये खाण्याचे आवाज थांबले. क्लाइडने चमचा थाळीत ठेवला तो अलगद. वेंडल बर्फात हात घालून वाकलेला तसाच राहिला, चाल संपेपर्यंत.

"वेंडल," आई म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "आज बसला रे. आज तुझ्या बापाचा हात बसला तुला."

सगळ्यांनी वेंडलकडे पाहिलं. नोहेआने आजीकडे वळून तोंड उघडलं. "तूतू, ते मी..."

वेंडलने तिच्याकडे पाहिलं. हॉटेलातल्या वादकांसाठी राखून ठेवलेली नजर होती ती. नोहेआने तोंड मिटलं.

"हो, आई," वेंडल म्हणाला.

"इकडे ये. हात दे तुझा, उजवा."

तो गेला. जाता जाता त्याने हात पँटला पुसला. आईने तो दोन्ही तळव्यांत घेतला, अंगठ्यावरून स्वतःचा अंगठा फिरवला, मग तर्जनीवरून, मग मधल्या बोटावरून. तिथे ती थांबली. पुन्हा अंगठ्यावर आली आणि तो तिने घट्ट धरून ठेवला.

"आत्ता वाजवत होतास ना तू? मग ही बोटं इतकी गार कशी?"

"वारा सुटलाय, आई," वेंडल म्हणाला.

लेहुआ पंखा बंद करून केकवरच्या मेणबत्त्या पेटवत होती. एकही ज्योत हलत नव्हती.