निजचकती

टिंग! रेणूच्या कानामागची निजचकती वाजली, आणि दुपारच्या शांत घरात वृंदा दचकली. चार वाजले होते. आता पाच मिनिटांत मुलगी जागी होणार. साडेचारला खालच्या मजल्यावर गार्गीचा वाढदिवस होता. "आई, चारला उठव हं, नक्की," असं दहादा बजावून रेणू झोपली होती.

पण वृंदा लिहीत असलेल्या कादंबरीचं शेवटचं प्रकरण तपासायचं राहिलं होतं. रेणूला गाडी लागते म्हणून डॉक्टरांनी ही झोप लावणारी चकती दिली होती, ती फक्त प्रवासापुरती. वृंदा मात्र वर्षभर रोज दुपारी, रेणूचा डोळा लागला की, ती गुपचूप लावत आली होती. कादंबरीचं एकही पान तिने मुलगी जागी असताना तपासलं नव्हतं.

"अर्धाच तास गं, सोन्या," असं पुटपुटत तिने चकती पुन्हा दाबली. मग ती वाजेल तेव्हा पुन्हा पुन्हा.

शेवटची ओळ दुरुस्त करून तिने वर पाहिलं, तर सहा वाजून गेले होते. पहिल्या पानावर 'रेणूला' असं लिहिलेलं होतं. ते पान तिला उघडवेना. तिने चकती काढून मुठीत लपवली.

रेणू डोळे चोळत उठली, खिडकीशी गेली. खाली मुलं फुगे घेऊन घरी निघाली होती. ती रडली नाही.

"गार्गी मला कुंभकर्ण म्हणते," ती हळूच म्हणाली. "आई, मलाच का गं एवढी झोप येते?"