धड पायाची उडी

"आता फक्त धड पायावर उडी मार," फिजिओथेरपीच्या मॅडम म्हणाल्या. गुडघ्यातल्या लिगामेंटच्या ऑपरेशननंतर तिच्या दुखऱ्या पायाची उडी मॅडम धड पायाच्या उडीशी ताडून बघत. दोन्ही सारख्या पडल्या की खो-खोच्या मैदानावर परत.

तिने पूर्ण जोर लावून उडी मारली. मॅडमनी खडूने रेघ ओढली, दुखऱ्या पायाच्या रेघेला लागूनच. "अगं, दोन्ही सारख्या! सुटलीस!"

क्लबच्या सरांना कळवायला आईने लगेच मोबाइल काढला.

ती फरशीकडे बघत राहिली. ऑपरेशनच्या आधी धड पायाची उडी जिथे पडली होती, तिथली चिकटपट्टी अजून तशीच होती, रेघेच्या हातभर पुढे.

"थांब आई," ती म्हणाली. "मॅडम, दुखरा पाय बरा नाही झाला. त्याची वाट बघत बसून बसून धड पायही कमजोर झाला."