पुट्टीतला अंगठा

"आण्णा, जरा अंगठा द्या की," वृषभ म्हणाला.

"का रं? रान लिहून घेतोस व्हय माझं?" तवनाप्पा हसले. वृषभही हसला.

टेबलावर वीतभर लांबीचा प्लॅस्टिकचा रणगाडा होता. वृषभ शिरोलीला फाउंड्रीत कामाला आणि सुट्टी मिळाली की असली खेळणी जोडत बसणार. चाळिशीचा बाप्या, पण हौस काही सुटेना. आज त्यानं पुट्टीच्या दोन वड्या कणकेसारख्या मळून एकजीव केल्या, रणगाड्याच्या अंगाला पातळ थर लिंपला आणि चक्क उवा काढायच्या फणीनं त्यावर बारीक रेघा ओढत निघाला.

"एवढं गुळगुळीत सोडून खरबरीत कशापायी करतोस?"

"महायुद्धात जर्मन रणगाड्यांना असंच लिंपायचे. लोहचुंबकाचा बॉम्ब चिकटू नये म्हणून. कामगारांनी घाईनं थापलेलं, तर कुठंकुठं बोटं उठलेली दिसाय पाहिजेत. माझी बोटं मऊ. तुमचा अंगठा कसा, राबलेला."

म्हाताऱ्याला बरं वाटलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी कोडोलीहून पुतण्याकडं आल्यापासून नुसते थेंब घालून पडून होते. काळा चष्मा, जवळचं काही दिसत नाही, अक्षर तर मुंग्यांची रांग. निदान अंगठा तरी कामाला आला!

वृषभनं आधी पुट्टीच्या एका गोळ्यावर तालीम घेतली. अंगठा पाण्यात बुडवून दाबला. रेघ न् रेघ उठली. तो गोळा त्यानं डबीच्या झाकणावर वाळत ठेवला आणि मग रणगाड्यावर कोपऱ्याकोपऱ्यात अंगठा टेकवून घेतला.

संध्याकाळी तवनाप्पांची भाची आदिती आली. पोरगी वकिलाच्या ऑफिसात कामाला, चुणचुणीत. मामांसाठी केळी आणली होती. तिची नजर त्या गोळ्यावर गेली आणि बोलता बोलता ती थांबली. मामांना हाताला धरून तिनं गॅलरीत नेलं.

"मामा, हा ठसा कुणाचा?"

"माझा. वृषभनं घेतला."

"अहो, असल्या ठशावरनं रबराचा अंगठा करतात! मशीनला तो तुमचाच वाटतो. आमच्याकडं अशी केस आली होती. रान गेलं माणसाचं."

तवनाप्पांच्या पायाखालची फरशीच सरकली. दीड एकर रान, तेही रस्त्याकडचं. पोटी लेकरू नाही, म्हणून साऱ्या पै-पावण्यांचा डोळा त्याच्यावर. बायकोनं, विजयमालानं, जाताना हात धरून एकच मागितलं होतं, रान विकू नका, कुणाला देऊ नका, ते हाय तवर मी हाय. आणि गेल्या दिवाळीत हाच वृषभ म्हणाला होता, आण्णा, प्लॉट पाडूया की!

ते तसेच आत आले. "माझा अंगठा कशाला घेतलास?"

"सांगितलं की, आण्णा."

"खेळण्याच्या नावाखाली माझा गळा कापतोस? लाज न्हाय वाटत?"

"काय बोलताय तुम्ही?" वृषभचा चेहरा पांढरा पडला.

तवनाप्पांनी रणगाडा उचलला आणि भिंतीवर आपटला. पुट्टीचे तुकडे घरभर उडाले. तो गोळा त्यांनी खलबत्त्यात घालून कुटला, अगदी पीठ होईस्तोवर. वृषभ खाली बसून तुकडे गोळा करत राहिला. तवनाप्पा आदितीचा हात धरून निघाले, तसा दारापाशी येऊन म्हणाला, "थेंब तरी न्या, आण्णा." त्यांनी मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.

"आता काय करू गं, पोरी?" रिक्षात त्यांनी विचारलं.

"घाबरू नका. सरकारी कचेरीत तुमच्या अंगठ्याला कुलूप लावून घेऊ. मग कुणी दहा रबराचे अंगठे केले तरी उपयोग नाही."

दुसऱ्या दिवशी ती त्यांना कचेरीत घेऊन गेली. ही गर्दी, हा गलबला! तिच्या ऑफिसातली दोन माणसं मदतीला आली होती. मामांना खुर्ची दिली, पाणी दिलं. नात्यागोत्यात अशी एक तरी पोरगी असावी, तवनाप्पांना भरून आलं.

नंबर आला. कॅमेऱ्यात बघा म्हणाले, त्यांनी बघितलं. मशीनवर अंगठा ठेवा म्हणाले, त्यांनी ठेवला. आदितीनं बोट ठेवलं तिथं तिथं सह्या केल्या. त्या दोघांनीही केल्या.

साहेबानं काहीतरी भरभर वाचलं आणि मान वर केली. "आजोबा, राजीखुशीनं करताय न्हवं? कुणाची जबरदस्ती?"

"जबरदस्ती कसली? माझं रान, माझी मर्जी."

"ही कोण तुमची?"

"भाची. पोटच्या पोरीपरास जवळची."

साहेब हसला. "नशीबवान हाय," म्हणाला. कशाला म्हणाला, तवनाप्पांना कळलं नाही, पण ऐकून बरं वाटलं.

"लागलं कुलूप?" बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं.

"लागलं, मामा. आता कुणाच्या बापाला उघडायचं नाही."

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. दिवस मावळायच्या आत ते कोडोलीत होते. जेवण गोड लागलं. विजयमालाच्या फोटोसमोर उभं राहून त्यांनी सांगितलं, रान वाचलं गं.

सकाळी अंगणात तोंड धूत होते, तोवर शेजारचा केरबा धापा टाकत आला. चप्पलसुद्धा नव्हती पायात.

"आण्णा, रानात चार पावणं आल्यात. फिता टाकून चुना मारालेत."

"वृषभ हाय त्यात?" तवनाप्पा ओरडले. "त्याला म्हणावं, माझ्या अंगठ्याला कुलूप हाय!"

"वृषभ कुठला, आदितीचा नवरा हाय. म्हंतोय, काल तुम्ही सोता कचेरीत जाऊन रान आदितीला बक्षीस दिलं. व्हय, आण्णा?"